भूतानशी मैत्री करार आणि नेपाळशी मैत्री करार: नाव एक, व्यवस्था वेगळी

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचे पात्रता नियम वाचताना ठाण्यातील अभ्यासिकांमधले विद्यार्थी एका तरतुदीपाशी हमखास थांबतात. भारतीय प्रशासकीय सेवा आणि पोलीस सेवा यांसाठी उमेदवार भारताचा नागरिकच असावा लागतो. मात्र इतर अनेक सेवांसाठी, केंद्र सरकारचे पात्रता प्रमाणपत्र मिळाल्यास, नेपाळचा किंवा भूतानचा प्रजाजनही अर्ज करू शकतो. दोन्ही देशांची नावे अशी लागोपाठ येतात, दोन्हींशी केलेल्या कराराला ‘मैत्री करार’ म्हटले जाते आणि दोन्हींच्या तारखांत वर्षभराचेही अंतर नाही. त्यामुळे पुढे सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘नेपाळ परराष्ट्र धोरणात भारताचा सल्ला मानण्यास बांधील आहे’ असे विधान उतरले, तर त्याचे नवल वाटू नये. ते विधान नेपाळबाबत कधीच खरे नव्हते आणि भूतानबाबत २००७ पासून खरे राहिलेले नाही.

भूतानशी करार ८ ऑगस्ट १९४९ रोजी दार्जिलिंग येथे झाला, तर नेपाळशी ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत. दोन्हींच्या मागे भारतीय नेत्यांची चिंता एकच होती: तिबेटमध्ये चिनी सैन्य उतरले, तर हिमालयाच्या दक्षिण उतारावरील राज्ये कोणाच्या बाजूने उभी राहतील? नेपाळच्या करारानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी चीनने तिबेटमध्ये सैन्य घुसवले, हे पाहता ती चिंता अनाठायी नव्हती. परंतु चिंता समान असली तरी दोन्ही देशांची ब्रिटिश काळातील पूर्वपीठिका निराळी होती, आणि माझ्या मते सगळा फरक तिथूनच सुरू होतो.

भूतानने १९१० च्या पुनाखा करारान्वये परराष्ट्र संबंधांत ब्रिटिशांचा सल्ला मान्य केला होता आणि त्याबदल्यात अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याची हमी मिळवली होती. १९४९ च्या कराराच्या दुसऱ्या कलमात हीच चौकट जवळजवळ तशीच उचलली गेली, फक्त ब्रिटिश सरकारच्या जागी भारत सरकार आले. भूतानला दरवर्षी मिळणारे वर्षासन (ठरावीक रक्कम) वाढून पाच लाख रुपये झाले आणि देवनगिरीचा सुमारे बत्तीस चौरस मैलांचा प्रदेश भूतानला परत मिळाला. नेपाळचे स्वातंत्र्य मात्र ब्रिटिशांनी १९२३ च्या करारातच स्पष्टपणे मान्य केले होते. त्यामुळे १९५० मध्ये दिल्लीला काठमांडूकडे ‘आमच्या सल्ल्याने चाला’ अशी मागणी करण्यास आधारच नव्हता. करारात आले ते इतकेच की, एखाद्या शेजारी राष्ट्राशी गंभीर तेढ निर्माण झाली आणि तिचा उभयतांच्या मैत्रीवर परिणाम होण्याचा संभव असला, तर दोन्ही सरकारे एकमेकांना कळवतील. खरी संरक्षणविषयक तरतूद त्याच दिवशी झालेल्या पत्रव्यवहारात होती: परकीय आक्रमणामुळे एकाच्या सुरक्षेला निर्माण झालेला धोका दुसरा सहन करणार नाही आणि दोघे मिळून उपाय ठरवतील. ही पत्रे जवळपास नऊ वर्षे गोपनीय राहिली आणि १९५९ मध्ये जाहीर झाली, तेव्हा नेपाळमधील अनेकांना आपल्यापासून काहीतरी लपवले गेल्याची भावना झाली. ती पुरती गेलेली नाही.

या कटुतेला आणखी एक कारण आहे. नेपाळच्या वतीने सही केली ती पंतप्रधान मोहन शमशेर जंगबहादूर राणा यांनी, तर भारताच्या वतीने राजदूत चंद्रेश्वरप्रसाद नारायण सिंह यांनी. एका देशाचा पंतप्रधान आणि दुसऱ्याचा राजदूत ही विषम जोडी नेपाळी टीकाकारांनी कायम बोलून दाखवली आहे. शिवाय राणांची राजवट पुढच्या काही महिन्यांतच, १९५१ च्या आरंभी, कोसळली. ज्या राजवटीचे दिवस भरले होते तिने देशाला बांधून ठेवले, हा आक्षेप तेव्हापासून आजतागायत प्रत्येक पक्षाच्या भाषणात डोकावतो.

आता नेपाळच्या कराराचा जो भाग सर्वसामान्य माणसाला प्रत्यक्ष दिसतो तो पाहू. सहावे आणि सातवे कलम एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहणे, मालमत्ता घेणे, व्यापार करणे आणि हिंडणे-फिरणे यांबाबत समान सवलती देते. घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या गृहसंकुलात नेपाळहून आलेला पहारेकरी कामावर रुजू होतो, तेव्हा सोसायटीचे सचिव त्याच्याकडून व्हिसा मागत नाहीत. पोलीस पडताळणीच्या कागदांसोबत तो आपले नागरिकता प्रमाणपत्र जोडतो, आणि ते देवनागरीत असल्याने सचिवांना जिल्ह्याचे नावही सहज वाचता येते. हा माणूस इथे राहतो, कमावतो, खोली भाड्याने घेतो, तो सातव्या कलमाच्या आधारे. भारतीयांना नेपाळमध्ये हीच मोकळीक कागदोपत्री असली तरी व्यवहारात ती बरीच आखडलेली आहे. नेपाळी नागरिकांना खुल्या स्पर्धेपासून काही काळ संरक्षण द्यावे लागेल, हे भारताने १९५० च्या पत्रव्यवहारातच मान्य केले होते.

भूतानबाबत चित्र नेमके उलटे आहे. तिथे जाणाऱ्या भारतीयाला व्हिसा लागत नसला तरी प्रवेश परवाना घ्यावा लागतो, आणि २०२२ पासून पर्यटकाला दर रात्रीमागे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. ठाण्यातील सहल कंपनीच्या माहितीपत्रकात नेपाळ आणि भूतान एकाच पानावर असतात. खर्चाच्या रकान्यात मात्र हा फरक लगेच उमटतो. म्हणजे भूतानशी जवळीक आहे ती सरकारांमध्ये आणि लष्करांमध्ये, सामान्य माणसांच्या येण्याजाण्यात नव्हे. नेपाळशी ती माणसांमध्ये आहे आणि सरकारे मात्र एकमेकांकडे सावधपणे पाहतात.

सुरक्षेच्या कसोटीवर हा फरक अधिक ठळक होतो. भूतानमधील ‘हा’ नावाच्या खोऱ्यात भारतीय लष्कराचे प्रशिक्षण पथक १९६२ पासून आहे. आसामातील उल्फा व बोडो आणि उत्तर बंगालमधील कामतापुरी बंडखोरांचे तळ उद्ध्वस्त करण्यासाठी डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने स्वतः मोहीम राबवली. २०१७ मध्ये डोकलाम पठारावर चीनने रस्ता पुढे रेटायला सुरुवात केली, तेव्हा भारतीय जवान भूतानच्या दाव्यातील भूमीवर जाऊन उभे राहिले आणि पेच ७३ दिवस चालला. चीनशी भूतानचे राजनैतिक संबंध आजही नाहीत. दोघांमधील सीमाचर्चा मात्र १९८४ पासून सुरू आहे.

नेपाळने १९५५ मध्येच चीनशी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. भारताच्या तपासणी चौक्या नेपाळच्या उत्तर सीमेवर १९५० च्या दशकापासून होत्या. त्या काढून घ्याव्यात अशी मागणी पंतप्रधान कीर्तिनिधी बिष्ट यांनी १९६९ मध्ये केली आणि त्या हटवल्या गेल्या. शस्त्रांबाबत करारातील शब्द असे आहेत की, नेपाळ आपल्या सुरक्षेसाठी लागणारी सामग्री भारताच्या भूमीतून आणू शकेल आणि त्याची कार्यपद्धती दोघे मिळून ठरवतील. भारताबाहेरील मार्गाने आणलेल्या शस्त्रांचे काय, हा प्रश्न १९८८ मध्ये नेपाळने चीनकडून शस्त्रे घेतली तेव्हा उफाळून आला. भारताच्या मते तो कराराच्या आशयाचा भंग होता, तर नेपाळच्या मते सार्वभौम देशाचा हक्क. मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि पारगमन (भारतीय भूमीतून मालाची ने-आण) करारांची मुदत संपली, सीमेवरील बहुतेक नाकी बंद झाली आणि नेपाळमध्ये रॉकेलसाठी रांगा लागल्या. भूतानच्या संदर्भात असा प्रसंग आलेला नाही. तेथील करारात शस्त्रआयात भारताच्या संमतीशी जोडलेली होती, आणि २००७ नंतरही भूतानचा हेतू मैत्रीचा आहे व त्या आयातीपासून आपल्याला धोका नाही याबद्दल भारताचे समाधान असावे लागते.

२००७ चा उल्लेख वर दोनदा आला. त्या वर्षी ८ फेब्रुवारीला नवी दिल्लीत भूतानच्या कराराचे नवे रूप स्वाक्षरित झाले आणि सल्ल्याने चालण्याचे कलम गळाले. त्याजागी राष्ट्रीय हिताच्या बाबींत निकट सहकार्य आणि परस्परांच्या सुरक्षेला बाधक कृत्यांसाठी आपली भूमी वापरू न देण्याची हमी आली. भूतान संसदीय लोकशाहीकडे वळत असताना हा बदल झाला. पुढच्याच वर्षी तिथे पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली.

यातली गमतीची बाब कलमांच्या शेवटी दडलेली आहे. भूतानचा करार कायमस्वरूपी आहे आणि परस्पर संमतीशिवाय तो संपवता किंवा बदलता येत नाही, तरीही तोच बदलला गेला. नेपाळचा करार कोणत्याही पक्षाला एक वर्षाची नोटीस देऊन संपवता येतो. त्याविरुद्ध काठमांडूत दशकानुदशके घोषणा झाल्या, तरी अशी नोटीस एकाही सरकारने दिलेली नाही, कारण ती दिली तर सातवे कलमही जाईल आणि भारतात रोजगार शोधणाऱ्या नेपाळी माणसाचा आधारच काढून घेतला जाईल. मधला मार्ग म्हणून दोन्ही देशांनी प्रतिष्ठित व्यक्तींचा एक संयुक्त गट नेमला. त्याने २०१८ मध्ये अहवाल पूर्ण केला आणि तो प्रथम भारताच्या पंतप्रधानांना सादर व्हावा असे अपेक्षित होते. त्यानंतर कित्येक वर्षे लोटली, तरी तो स्वीकारला गेला नाही.