मुलाचं कोपर मोडलं, तर आधी बोटं बघा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मिरजेच्या हाडांच्या दवाखान्यांत पाच ते सात वर्षांची मुलं दुसऱ्या हाताने हात सावरत येतात. कुणी चिंचेवरून पडलेलं, कुणी सायकलवरून. पडताना हात टेकला की कोपर उलटं ताणलं जातं आणि दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडतं. तिथे हाडाला पुढून आणि मागून खळगा असतो, मधला भाग अगदी पातळ. लहान मुलांच्या कोपराचं सर्वांत नेहमीचं फ्रॅक्चर हेच.

अमेरिकेतले डॉ. जॉन गार्टलंड यांनी 1959 मध्ये याचे तीन प्रकार मांडले. पहिल्यात नुसता तडा, हाड जागेवर. तो एक्स-रेत कधी दिसतही नाही. आत साठलेल्या रक्ताने कोपरामागची चरबी उचलली जाते, तिची काळपट सावली तेवढी दिसते. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ असूनही मूल हात हलवत नसेल तर पुन्हा दाखवाच. याला साधारण तीन आठवडे प्लास्टर पुरतं. दुसऱ्यात हाड ओल्या फांदीसारखं पुढून तुटतं, मागून धरून राहतं. तिसऱ्यात तुकडे पार सुटतात. तेव्हा, आणि दुसऱ्या प्रकारातही बऱ्याचदा, भूल देऊन सी-आर्मवर, म्हणजे पडद्यावर लगेच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर, बघत हाड बसवतात आणि कातडीतूनच दोन-तीन तारा घालतात. तीन-चार आठवड्यांनी त्या ओपीडीतच निघतात.

पण घाई किती करायची, हे नुसत्या प्रकारावर ठरत नाही. कोपरासमोरूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा जातात. हाडाचं टोक त्यांत रुतू शकतं. मुलाला अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करायला सांगा. गोल न होता बोटं चपटी टेकली, तर एक नस दुखावलेली असू शकते. अशा बहुतेक नसा काही महिन्यांत आपोआप सुधारतात. रक्तपुरवठ्याला मात्र तेवढी सवड नसते. बोटं पांढरी, गार पडली, किंवा सरळ करताना मूल किंचाळलं, तर एक तासही दवडू नका. रक्त न मिळालेले स्नायू काही तासांत मरतात आणि पंजा कायमचा आखडतो. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी 1881 मध्येच हे लिहून ठेवलंय.

जतच्या एखाद्या वाडीवरून मिरज गाठेपर्यंत दीड-दोन तास जातात. आधी गावात कामट्या घट्ट आवळून घेतल्या, तर सुजेला जागाच उरत नाही. मला सर्वांत जास्त भीती याच आवळण्याची वाटते. हात आहे तसा, फार न वाकवता, पुठ्ठ्याच्या आधाराने सैल बांधा. वाटेत खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागेल.

‘पोराचं हाड आहे, वाढता वाढता सरळ होईल’ हेही इथे फारसं लागू नाही. दंडाच्या लांबीची जेमतेम 20 टक्के वाढ कोपराकडून होते, त्यामुळे वाकडं जुळलेलं बहुधा वाकडंच राहतं. प्लास्टर निघाल्यावर कोपर ताठ असतं, तेव्हा तेल लावून रगडायचा मोह होतो. तसं केल्याने स्नायूतच हाड तयार होऊ शकतं. मुलाला खेळू द्या. बहुतेकांचं कोपर काही आठवड्यांत आपणहून मोकळं होत जातं.