तकाफुल आणि नेहमीचा विमा: हप्ता भरल्यावर पैसा कोणाचा?

नागपूरच्या इतवारीत किंवा मोमिनपुऱ्यात भिशी म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे तकाफुल या इस्लामी विमापद्धतीचा विषय निघाला की ‘ती एक मोठी भिशीच’ असे एक उत्तर मिळते, आणि ‘नाव तेवढे अरबी, बाकी एलआयसीच’ असे दुसरे. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, तरी पहिल्यापेक्षा दुसऱ्यात तथ्य अधिक आहे. भिशीत प्रत्येकाला आपण भरलेली रक्कम केव्हा ना केव्हा परत मिळते. कोणाचा नंबर आधी लागतो आणि कोणाचा नंतर, एवढाच फरक. तकाफुलच्या संरक्षणनिधीतून मात्र ज्याचे नुकसान होईल त्यालाच भरपाई मिळते आणि ज्याचे काहीच बिघडले नाही त्याची वर्गणी इतरांच्या कामी येते. या बाबतीत तो भिशीपासून दूर आणि विम्याच्या जवळ आहे.

विम्यापासून तो वेगळा होतो तो हप्ता भरल्यानंतर. प्रचलित विमा हा खरेदी-विक्रीचा करार आहे: ग्राहक हप्ता देतो आणि त्या मोबदल्यात कंपनी त्याची जोखीम आपल्या अंगावर घेते. पॉलिसीधारकांचा हिशेब कंपनी वेगळा ठेवत असली, तरी दावे आणि खर्च भागवून जे उरते त्यावर मुख्यतः भागधारकांचा हक्क असतो. तकाफुल हा शब्द एकमेकांची हमी घेणे या अर्थाचा आहे. त्यात सभासदाने दिलेल्या रकमेचा संरक्षणासाठीचा भाग ‘तबर्रु’, म्हणजे एकमेकांच्या मदतीसाठी दिलेले दान, मानला जातो. निधी सभासदांचा राहतो आणि कंपनी केवळ त्याची व्यवस्थापक असते. व्यवस्थापनाबद्दल ती ठरावीक शुल्क घेते, त्याला ‘वकाला’ म्हणतात, किंवा गुंतवणुकीच्या नफ्यात ठरलेला वाटा घेते, त्याला ‘मुदारबा’ म्हणतात. अनेक कंपन्या दोन्हींची सांगड घालतात. पाकिस्तानात हा निधी वक्फ म्हणून उभा केला जातो, त्यामुळे तो कोणा एकाच्या मालकीचा राहत नाही.

आकडे मांडून पाहू. समजा, इतवारीतील १,००० दुकानदारांनी आगीच्या विम्यासाठी प्रत्येकी २,००० रुपये भरले आणि २० लाख जमले. वर्षभरात १३ लाखांचे दावे आले आणि कारभाराला ४ लाख लागले. नेहमीच्या विम्यात उरलेले ३ लाख, राखीव निधीची सोय केल्यावर, कंपनीचा नफा ठरतात. तकाफुलमध्ये कंपनी वकाला शुल्क म्हणून तेच ४ लाख घेईल, पण उरलेले ३ लाख सभासदांच्याच निधीत राहतील. त्यांतला काही भाग गंगाजळीत ठेवून बाकीचा त्यांना परत मिळू शकतो किंवा पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून वजा होऊ शकतो. वर्ष वाईट गेले आणि दावे १९ लाखांवर पोहोचले, तर नेहमीच्या विम्यात ३ लाखांची खोट कंपनी स्वतःच्या भांडवलातून सोसते. तकाफुलमध्ये ती खोट सभासदांच्या निधीची असते. कंपनी त्या निधीला बिनव्याजी उसनवारी देते, जिला ‘कर्ज-ए-हसना’ म्हणतात, आणि पुढच्या चांगल्या वर्षांच्या शिलकीतून ती वसूल करते. पहिल्या पद्धतीत जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घातली जाते, दुसरीत ती आपापसांत वाटून घेतली जाते.

या दानाच्या रचनेमागे शरियतच्या तीन हरकती आहेत: ‘रिबा’ म्हणजे व्याज, ‘मैसिर’ म्हणजे जुगार आणि ‘घरर’ म्हणजे करारातील अतिरेकी अनिश्चितता. चर्चेत सहसा व्याजच पुढे येते, पण रचना समजून घेण्यासाठी घररचा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. विक्रीच्या व्यवहारात काय मिळणार, किती आणि केव्हा, हे ठाऊक नसेल तर तो व्यवहार सदोष ठरतो. २,००० रुपयांच्या बदल्यात शून्य मिळणार की पाच लाख, हे विमा विकत घेताना कोणालाच ठाऊक नसते. दानात मात्र अशी अनिश्चितता चालते, कारण देणाऱ्याने मोबदल्याचा सौदाच केलेला नसतो. म्हणून करार विक्रीतून दानाकडे नेला की तोच निधी आणि तेच दावे फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, दृष्टीने निराळे होतात. इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये जेद्दाह येथे ठरलेल्या हप्त्याचा व्यापारी विमा अमान्य केला आणि परस्पर सहकार्याचा विमा मान्य केला, तो याच विचाराने. तोवर सुदानमध्ये १९७९ पासून अशी कंपनी काम करीत होती आणि मलेशियाने १९८४ मध्ये स्वतंत्र कायदाही केला होता.

व्याजाची हरकत गुंतवणुकीशी निगडित आहे. आपल्याकडे आयुर्विमा कंपनीला पारंपरिक पॉलिसींच्या निधीपैकी किमान ५० टक्के रक्कम केंद्र-राज्य सरकारांच्या आणि तत्सम मान्य रोख्यांत ठेवावीच लागते, आणि हे रोखे व्याजच देतात. उद्या एखाद्या भारतीय आयुर्विमा कंपनीला व्याज टाळायचे मनात आले, तरी या पॉलिसींपुरते नियम तिला तसे करू देणार नाही. तकाफुलचा निधी सुकूक, म्हणजे मालमत्तेवर आधारलेले रोखे, आणि शरियतच्या निकषांची गाळणी लावून निवडलेले समभाग यांत गुंतवला जातो, आणि त्यावर शरियत मंडळाची देखरेख असते.

कागदावरचा हा फरक व्यवहारात पुष्कळ पुसट होतो, हेही मान्य करायला हवे. एलआयसीच्या नफ्यात सहभागी पॉलिसींमध्ये शिलकीचा मोठा हिस्सा बोनसरूपाने पॉलिसीधारकांकडेच येतो, आणि तिच्यात विलीन झालेली एकोणिसाव्या शतकातील बॉम्बे म्युच्युअल ही मुळात सभासदांच्या मालकीचीच संस्था होती. उलट बाजूला, बहुतेक तकाफुल कंपन्यांना भागधारक असतात, त्या वर्गणी ठरवताना तेच मृत्युदराचे तक्ते वापरतात, आणि काही तर शिलकीतही ‘चांगल्या कामगिरीचा’ वाटा घेतात. शुल्क जबर असेल तर सभासदांच्या हाती शिल्लक उरेलच कशी, ही टीका मला रास्त वाटते. आणि तकाफुल केवळ मुसलमानांसाठी असतो हा समज तर सरळ चुकीचा आहे. मलेशियात बिगरमुस्लिमही तो घेतात.

नागपूरकरासाठी मात्र हा निवडीचा प्रश्नच नाही. भारतात तकाफुलसाठी स्वतंत्र कायदेशीर चौकट नाही आणि आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या नोंदणीवाचून कोणाला विम्याचा धंदा करता येत नाही. त्यामुळे कोणी ‘हलाल विमा’ म्हणून पावती फाडू लागला, तर आधी नोंदणी क्रमांक मागावा. वस्तीतल्या बैतुलमालमधून, म्हणजे समाजाच्या मदतनिधीतून, मिळणारी मदत ही तिसरीच गोष्ट. ती गरज पाहून दिली जाते, तिच्यावर कराराचा हक्क सांगता येत नाही. सीताबर्डीवरून दुचाकी न्यायची तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार त्रयस्थ पक्षाचा विमा लागतोच, आणि अशा सक्तीच्या विम्याला मजबुरी म्हणून मुभा देणारे उलेमा, म्हणजे इस्लामी धर्मपंडित (एकवचन आलिम), भारतात पुष्कळ आहेत. स्वेच्छेने घ्यायच्या आयुर्विम्याबाबत मते विभागलेली आहेत; तिथे आपल्या जाणत्या आलिमाला विचारताना पॉलिसी निव्वळ मुदतीची आहे की बचतीची, हे सांगणे आवश्यक, कारण व्याजाचा प्रश्न दोन्हींत सारख्या प्रमाणात उद्भवत नाही.

आणखी एक गल्लत टाटा एथिकल फंडासारख्या योजनांमुळे होते. शरियतच्या निकषांवर समभाग निवडणारा हा म्युच्युअल फंड आहे, तकाफुल नव्हे. त्यात दरमहा २,००० रुपये घालणारा गुंतवणूकदार तिसऱ्याच महिन्यात गेला, तर घरच्यांना मिळतात ते त्या सहा हजारांचे त्या दिवशीच्या भावाने होणारे पैसे.