मज्जासंस्थेवरील औषधे व भौतिकोपचार

मेंदू, मज्जारज्जू, मज्जातंतू व स्नायू यांवर परिणाम करणाऱ्या औषधांमुळे हालचाल, तोल, रक्तदाब आणि सावधपणा यांत जे फरक पडतात, ते लक्षात घेऊन व्यायामोपचाराची वेळ, मात्रा व मोजमाप ठरविण्याची पद्धत.

कंपवातात हा संबंध सर्वांत ठळक दिसतो. लेव्होडोपा हे त्यावरील मुख्य औषध मेंदूत डोपामीन बनते; कार्बिडोपा ते मेंदूबाहेर वाया जाऊ देत नाही. कार्बिडोपासह दिलेल्या लेव्होडोपाचे रक्तातील अर्धायुष्य (पातळी निम्मी होण्याचा काळ) सुमारे दीड तास असते. गोळीनंतर साधारण अर्ध्या ते एका तासात हालचाल मोकळी होते (‘ऑन’) आणि आजार जुना झाला की पुढच्या गोळीआधीच आखडते (‘ऑफ’). वळणे, जिना, लांब पावले टाकणे ‘ऑन’मध्ये शिकवावे, कूस बदलणे व खाटेवरून उठणे यांचा सराव मात्र ‘ऑफ’मध्येही लागतो, कारण रोग्याचे अडते ते तेव्हाच. मोजमापाशेजारी शेवटच्या गोळीची वेळ लिहिलेली नसेल, तर ‘टाइम्ड अप अँड गो’ (खुर्चीतून उठून थोडे चालून परत बसण्याचा वेळ मोजणारी) चाचणीच्या दोन दिवसांच्या आकड्यांची तुलना व्यर्थ आहे. प्रथिनयुक्त जेवणाबरोबर घेतलेली गोळी उशिरा लागू पडते किंवा पडतच नाही; प्रथिनांतील काही अमिनो आम्ले आतड्यातून व पुढे मेंदूत शिरताना लेव्होडोपाशी स्पर्धा करतात. रक्तदाब आडवे असताना व उभे राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी पाहावा. वरचा २० किंवा खालचा १० मिमी. पाऱ्याने उतरला, तर चालण्याचा सराव थांबवून आधी ते निस्तरावे.

निरोगी चेतापेशींच्या पुनर्रचनेला औषधाने वेग देता येतो का, हा पक्षाघातातील जुना वाद आहे. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मेंदूच्या बाह्यकास (बाहेरील थरास) इजा केलेल्या उंदरांना अँफेटामिन हे उत्तेजक देऊन अरुंद पट्टीवर चालविले असता ते लवकर सावरले. डोपामीनला अडविणाऱ्या हॅलोपेरिडॉलने सुधारणा लांबली. औषध आणि सराव दोन्ही लागतात, ही कल्पना तेथून रुजली. माणसांत २००१ साली ५३ रोग्यांच्या चाचणीत रोज १०० मिग्रॅ. लेव्होडोपा व भौतिकोपचार यांचा लाभ दिसला. २०१९ मधील ‘डार्स’ चाचणीत (५९३ रोगी) हेच औषध सत्राआधी ४५ ते ६० मिनिटे देऊनही स्वतंत्रपणे चालण्यात फरक पडला नाही. फ्लुओक्सेटीन या नैराश्यावरील औषधाची वाटचाल अशीच: २०११ मधील ‘फ्लेम’चा (११८ रोगी) अनुकूल निष्कर्ष २०१९ च्या ‘फोकस’मध्ये (३,१२७ रोगी) टिकला नाही, उलट अस्थिभंग वाढले. मोठ्या चाचण्यांचे पारडे जड मानणे योग्य. लहान चाचण्यांतील निवडक रोग्यांना लाभ झालाच नसेल असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

स्पॅस्टिसिटीवरील (मेंदू वा मज्जारज्जूच्या इजेने स्नायूंत येणाऱ्या ताठरपणावरील) बॅक्लोफेन मुळात अपस्मारासाठी तयार झाले होते. प्रौढांत सहसा दिवसातून तीनदा ५ मिग्रॅ.ने सुरुवात करून दर तीन दिवसांनी मात्रा वाढवितात, ८० मिग्रॅ. ही दिवसाची नेहमीची मर्यादा. पाय दुर्बल असलेला रोगी पुष्कळदा गुडघ्याच्या ताठरपणावरच उभा असतो. तो ओसरला की ताठरपणा मोजणाऱ्या ‘ॲशवर्थ’ श्रेणीचा अंक सुधारतो आणि रोगी खुर्चीतून उठेनासा होतो. म्हणून मात्रा बदलण्याआधी व नंतर उठणे-बसणेही मोजावे. याच कामाच्या टिझानिडीनमध्ये झोप व रक्तदाब उतरणे जास्त. मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात बॅक्लोफेन सोडणारा पंप शरीरात बसविलेला असल्यास शॉर्टवेव्ह डायाथर्मी (विद्युतचुंबकीय लहरींचा शेक) वर्ज्य आहे. अशा रोग्यात एकाएकी ताठरपणा वाढला, अंगाला खाज सुटली, ताप आला, तर स्नायू ताणत बसू नये. औषध अचानक बंद पडल्याचे ते लक्षण असू शकते व जिवावर बेतते. ताठर स्नायूत टोचून तो सैल करणाऱ्या बोटुलिनम विषाचा परिणाम काही दिवसांत सुरू होऊन साधारण तीन महिने टिकतो. स्प्लिंट आणि विरोधी स्नायूंचे बळकटीकरण त्याच मुदतीत साधावे.

अपस्मारावरील फेनिटॉइनची रक्तपातळी मात्रेच्या प्रमाणात चढत नाही. १०–२० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. ही इष्ट कक्षा ओलांडल्यावर डोळ्यांची थरथर व ३० च्या पुढे बहुधा झोकांड्या दिसतात. तोल नव्याने गेला असेल, तर फ्रेंकेल व्यायाम (हालचालींचा मेळ सुधारणारे संथ, मोजून केलेले व्यायाम) सुरू करण्याआधी गोळी अलीकडे वाढविली का, हे विचारावे.

मायस्थेनियात (वापराने स्नायू लवकर थकणाऱ्या आजारात) पिरिडोस्टिग्मीन हे स्नायूंना बळ देणारे औषध अर्ध्या-पाऊण तासात लागू पडून तीन-चार तास टिकते. व्यायाम त्या अवधीत, थोडा व विश्रांती घेत करवावा.