कोंब बाइंडिंग मशीन: घरी नेल्यावर पहिल्यांदा हे वाचा

आमच्या बिलावर ‘कोंब १२ मिमी’ असं छापलेलं असतं. औशाकडचे एक काका ते बिल बराच वेळ निरखत बसले आणि मग म्हणाले, “हे कशाचे कोंब हो? मटकीचे का?” कोंब म्हणजे इंग्रजीतला ‘comb’, कागदांची पुस्तिका बांधायची प्लॅस्टिकची फणी. तेव्हापासून आम्ही दुकानात सरळ फणी म्हणतो. गिऱ्हाइकंही कुणी फणी म्हणतात, कुणी कंगवा, कुणी ‘ते दातांचं प्लॅस्टिक’. वस्तू एकच. पाठ सलग आणि तिच्यातून निघून आत वळलेले दात. ए-फोर कागदाच्या लांब बाजूला २१ चौकोनी भोकं पडतात आणि त्यांत फणीचे २१ दात जाऊन बसतात. मशीनला कामं दोनच, भोकं पाडणं आणि फणी उघडून धरणं. हाताने चालणाऱ्या मशीनला लाईट लागत नाही, हे आपल्याकडे मुद्दाम सांगायला हवं.

हे पत्रक लिहायचं कारण फोन. मशीन नेऊन पंधरा दिवस झाले की फोन येतो, “पानं फाटायलेत”, नाहीतर “भोकं वाकडी पडायलेत, मशीन बदलून द्या.” मशीन परत आलं की आम्ही उघडून बघतो आणि बहुतेक वेळा ते धडधाकट असतं. एका दमात जास्त कागद घातलेले असतात, नाहीतर खालचा कचऱ्याचा ट्रे काठोकाठ भरलेला असतो.

कशाला फणी लावावी, कशाला नाही

फणीचा खरा फायदा एकच: ती पुन्हा उघडते. बँकेत द्यायचा गोठ्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट घ्या. साहेब म्हणतात, म्हशींचं कोटेशन जुनं आहे, नवं लावा. स्पायरल असेल तर वेटोळं फिरवत सगळं काढा आणि परत घाला. फणी असेल तर मशीनवर उघडा, एक पान काढा, दुसरं घाला, मिटवा. चहा गार व्हायच्या आत काम होतं. क्लासच्या नोट्स, गाईडला दाखवायचा प्रबंधाचा कच्चा खर्डा, बचत गटाचा वार्षिक अहवाल, दर वर्षी बदलणारी दरपत्रकं, या सगळ्याला फणी उत्तम.

पण जे उघडता येतं ते कुणालाही उघडता येतं. ग्रामपंचायतीचं किंवा सोसायटीचं प्रोसिडिंग, हिशेबाची वही, ज्यातलं पान बदललं तर भांडण उभं राहील असा कुठलाही कागद फणीत घालू नका, तो शिवून घ्या. मशीन आम्हीच विकतो, तरी हे सांगतो. प्रबंधाची शेवटची प्रत द्यायच्या आधी तुमच्या विद्यापीठाला कोणतं बाइंडिंग चालतं ते विचारून घ्या. आणखी एक, फणीची पुस्तिका टेबलावर बऱ्यापैकी सपाट उघडी राहते, पण वायरोसारखी, म्हणजे दुहेरी तारेच्या कड्यांनी बांधलेल्या पुस्तिकेसारखी, पाठीला पाठ लावून पूर्ण दुमडत नाही. हातात धरून उभ्याने वाचायचं असेल तर वायरो बरा.

स्पायरल, वायरो आणि फणी यांची भोकं एकमेकांच्या कामाची नाहीत. स्पायरलची गोल आणि एकमेकांजवळ असतात, फणीची आयताकृती आणि लांब लांब. “आमच्याकडं स्पायरलचं मशीन हाय, फणी तेवढी द्या,” म्हणणाऱ्यांना आम्ही हात जोडून परत पाठवतो.

कोणत्या नंबरची फणी

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि गोंधळाचं मूळ ‘पेज’ या शब्दात आहे. “दोनशे पेजची फणी द्या,” असं सांगणाऱ्याने दोन्ही बाजूंनी छापलं असेल तर कागद १००च असतात. फणीला कागद कळतो, पेज कळत नाही.

साधा ७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा. ५०० कागदांची रीम दोन इंचांच्या आसपास भरते, ती मोजून बघा. म्हणजे १०० कागद १० मिमी. त्यात दोन-तीन मिमी सुट्टीचे धरा, म्हणजे १२ किंवा १४ मिमीची फणी. कव्हर जाड पुठ्ठ्याची असतील तर १४च घ्या. पंचवीसेक कागदांना ६ मिमी होते. सगळ्यात मोठी फणी ५१ मिमीची येते आणि ती चारशेच्या पुढे कागद घेते, पण आमचं ऐकाल तर अडीचशेच्या वर गेलात की सरळ दोन भाग करा. एवढ्या जाड पुस्तिकेची पानं दातांवर अडत अडत उलटतात आणि शेवटी भोकापाशी फाटतात.

फणी तंग असेल तर पान उलटत नाही, फार ढगळ असेल तर पानं आत डोलतात आणि पुस्तिका तिरकी होते. मोजपट्टी नसेल तर गठ्ठा दाबून धरून दुकानात घेऊन या, आम्ही लावून बघू.

ऑनलाइन फण्या मागवताना दात मोजा. अमेरिकेत चालणाऱ्या लेटर कागदासाठीच्या फणीला १९ दात असतात. स्वस्तात शंभराचं पाकीट मिळालं म्हणून घेतलं आणि दोन दात कमी निघाले, असे लोक आमच्याकडे येतात. त्या पाकिटाचं पुढे काही होत नाही.

भोकं पाडताना

मशीनवर लिहिलेले दोन आकडे वेगळे असतात, ते एकमेकांत मिसळू नका. ‘३०० कागद’ म्हणजे एका फणीत मावतील तेवढे. ‘१२ कागद’ म्हणजे एका दमात भोकं पडतील तेवढे. घरगुती मशीनवर १२ लिहिलं असेल तर आठ-दहाच घाला. दांडा जड लागला की थांबा. दोन्ही हातांनी, अंगाचं ओझं टाकून दांडा दाबायची वेळ येते तेव्हा चूक कागदांच्या संख्येत असते, आणि असं रोज केलं तर दांड्याच्या मुळाशी असलेली खीळ वाकते. ती दुरुस्ती गॅरंटीत बसत नाही.

आता वाकड्या भोकांचं. ए-फोरची लांब बाजू २९७ मिमी. २१ भोकं एका ओळीत बसल्यावर दोन्ही टोकांना कागद उरतो जेमतेम दीड मिमी. म्हणजे कागद डावीकडच्या आडकाठीला नीट टेकला नाही, एखाद-दोन मिमी सरकला, तरी टोकाचं भोक कागदाच्या बाहेर जातं आणि तिथे खाच पडते. म्हणून गठ्ठा आधी टेबलावर दोन्ही बाजूंनी आपटून सरळ करा, मशीनच्या तोंडात पूर्ण आत सरकवा, डावीकडे टेकवा, मग दांडा ओढा. आडकाठी पुढेमागे होते. पहिल्या दिवशी रद्दी कागदावर दोन-तीनदा भोकं पाडून ती कुठे बसवायची ते ठरवा आणि स्केचपेनने खूण करून ठेवा. घरातलं दुसरं कुणी हलवणारच.

भोक काठापासून किती आत पडावं याचंही एक बटण बऱ्याच मशीनला असतं. पातळ पुस्तिकेला भोक काठाजवळ, जाड पुस्तिकेला जरा आत. पातळ फणीत भोक आत गेलं तर पान उलटताना अडतं. जाड गठ्ठ्यात भोक काठाजवळ राहिलं तर फाटतं.

ए-फाइव्हची पुस्तिका करायची असेल, किंवा ए-फोर आखूड बाजूने बांधायचा असेल, तर लांबी २१० मिमी आणि दात लागतात १४. पंधरावं भोक बरोबर काठावर येऊन फाटतं. मशीनला भोक पाडणारी पिन ओढून बंद करायची सोय असेल तर पंधरावी पिन ओढा. काम झाल्यावर ती आठवणीने परत आत ढकला, नाहीतर पुढच्या ए-फोरच्या गठ्ठ्यात मधलं एक भोक पडलेलंच नसतं आणि ते फणी लावताना कळतं. फणी कात्रीने कापता येते, दोन दातांच्या मधून कापा.

पारदर्शक कव्हर एकावेळी एकच घाला, तेही वर-खाली एकेक साधा कागद ठेवून. नुसतं प्लॅस्टिक भोकातून स्वच्छ तुटत नाही, त्याची साल लोंबकळत राहते. गठ्ठ्यात स्टेपलरची पिन राहिली नाही ना, हे दरवेळी बघा. अशी एक पिन भोकं पाडणाऱ्या साच्यात गेली की त्या जागचं भोक कायमचं केसाळ पडतं.

आणि आमची स्वतःची एक फजिती. दुकान नवं होतं. एका बीएडच्या मुलीला सकाळच्या एसटीने अहवाल घेऊन जायचं होतं. मी एका कानाला मोबाईल लावून भोकं पाडत होतो. मधला एक गठ्ठा उलटा धरला गेला आणि दहा पानांना उजव्या बाजूला भोकं पडली. पानं परत छापली, पैसे अर्थातच आमचे, एसटी मात्र गेली. तेव्हापासून आम्ही पूर्ण गठ्ठा सरळ करून त्याच्या खालच्या कडेवर पेन्सिलीने एक तिरपी रेघ ओढतो आणि मगच त्याचे छोटे गठ्ठे करतो. भोकं पाडून सगळे परत एकावर एक ठेवले की रेघ सलग दिसली पाहिजे. कुठे तुटली तर तिथला गठ्ठा उलटा आहे किंवा जागा चुकला आहे. यापेक्षा स्वस्त उपाय आम्हाला सापडलेला नाही.

छापतानाच डावीकडे निदान एक इंच जागा सोडा. अक्षरांवर भोकं पडली तर त्याला मशीन काय करणार.

फणी चढवताना

फणीचं उघडं तोंड वरच्या दिशेला ठेवून ती मशीनच्या वरच्या हुकांमागे बसवा आणि दांडा सावकाश ओढा. दात इंग्रजी ‘यू’सारखे उघडले की पुरे. ताणून सरळ केलेली फणी परत नीट मिटत नाही. पानं एकदम सगळी नका घालू, पंधरा-वीसच्या गठ्ठ्याने घाला. पहिलं पान तुमच्याकडे तोंड करून की पाठ करून, हे मशीनगणिक बदलतं. म्हणून पहिल्यांदा चार रद्दी कागदांवर १, २, ३, ४ लिहून ते बांधून बघा आणि जे जमलं ते मशीनच्या अंगावर चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

ऊन, पाऊस, कचरा

फणी पीव्हीसीची असते. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, किंवा बंद गाडीत काचेपाशी ठेवलेल्या पाकिटातली फणी मऊ होऊन चपटी होते. वर्ष-दोन वर्षं उन्हात पडलेली तर वाकवली की कडकन मोडते. पाकीट कपाटात, आडवं, वर ओझं न ठेवता ठेवा. बांधलेल्या पुस्तिकाही एकावर एक रचताना एकीची पाठ डावीकडे, दुसरीची उजवीकडे अशा ठेवा.

पावसाळ्यात रीमचं कागदी वेष्टण फाडून ठेवू नका. सर्दावलेला कागद मऊ पडतो, भोकाची कड दबते आणि तुकडे साच्यात अडकतात.

ट्रे रोज रिकामा करा. त्यातले तुकडे गणपतीच्या मिरवणुकीत उधळायला पोरांना फार आवडतात, झाडायला मात्र आईला लागतात. दांड्याच्या सांध्यात सहा महिन्यांनी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. साच्यात तेल घालू नका, पुढचे पन्नास कागद डागाळतील.

इतकं करूनही मशीन त्रास देत असेल तर बिलावरच्या नंबरवर फोन करा. दुकानात आणताना ट्रे झाडून आणा आणि मशीनने बिघडवलेलं एक पान, चुरगळलेलं का असेना, सोबत ठेवा. पानाकडे बघितलं की खोट कागदात आहे, हातात आहे की साच्यात, ते आम्हाला लगेच कळतं.