पित्ताशय काढल्यावरही पोट का दुखतं?

15 जुलै 1882 रोजी बर्लिनच्या लाझारस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख या सर्जनने 43 वर्षांच्या एका माणसाचं अख्खं पित्ताशय काढून टाकलं. तोवर पित्ताशयाला छेद देऊन खडे काढायचे आणि तोंड उघडं ठेवायचं, एवढीच मजल होती. खडे पुन्हा व्हायचे. लांगेनबुखचं म्हणणं सरळ होतं: पित्ताशय काढायचं ते त्यात खडे आहेत म्हणून नव्हे, तर तेच खडे तयार करतं म्हणून. रुग्ण बरा होऊन घरी गेला. मात्र या युक्तिवादात, पोट दुखतंय ते खड्यांमुळेच, हे गृहीत धरलेलं होतं. पुढची सगळी भानगड तिथून सुरू होते.

शस्त्रक्रिया रुळली, तसे ‘पिशवी काढली, पण दुखणं तेच’ म्हणणारे रुग्णही दिसू लागले. 1947 साली वोमॅक आणि क्रायडर या अमेरिकी डॉक्टरांनी या तक्रारींची मांडणी केली. ‘पोस्ट कोलेसिस्टेक्टॉमी सिंड्रोम’ (पित्ताशय काढल्यानंतरचा लक्षणसमूह) हे नाव रूढ झालं आणि एकमेकांशी संबंध नसलेली दुखणी त्यात भरली गेली. माझ्या मते हे निदान नाहीच. तपासण्या संपेपर्यंत फाइलवर लिहायची ती सोय आहे.

यातलं पहिलं ठोस कारण म्हणजे मुख्य पित्तनलिकेत, म्हणजे पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत, राहून गेलेला खडा. अर्जेंटिनाच्या पाब्लो मिरिझीने 1931 साली शस्त्रक्रिया चालू असतानाच नलिकेत एक्स-रेवर दिसणारं औषध सोडून एक्स-रे घ्यायला सुरुवात केली, ती असे खडे निसटू नयेत म्हणून. खडा राहिलाच, तर पोट पुन्हा उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. 1974 साली जर्मनी आणि जपानमध्ये एन्डोस्कोपमधून, म्हणजे तोंडातून आत सोडलेल्या दुर्बिणीतून, नलिकेचं तोंड कापून खडा काढता आला, आणि ईआरसीपी ही आजची पद्धत उभी राहिली. हे खडे शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी नव्यानेही होतात. पित्ताशयाचा थोडा भाग किंवा त्याच्या नळीचं लांब टोक मागे राहिलं असेल, तर तिथेही होतात. दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप किंवा कावीळ असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

नलिकेलाच इजा होणं त्याहून वाईट. 1953 साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांच्या शस्त्रक्रियेत तेच झालं. नलिकेची दुरुस्ती करायला त्यांना बॉस्टनला जावं लागलं, तरी तापाचे झटके सुटले नाहीत. 1956 च्या सुएझ कालव्याच्या पेचप्रसंगातही हे झटके येतच होते.

1985 साली एरिश म्यूहे यांनी जर्मनीत दुर्बिणीतून पित्ताशय काढलं; 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ती पद्धत भारतात आणली. छोटे टाके, लवकर सुट्टी. सोनोग्राफीही हाताशी होती. शस्त्रक्रिया सोपी झाल्यावर ती करून घेण्याचा उंबरठाही खाली आला. गॅस, जेवणानंतर जडपणा, छातीत जळजळ अशा तक्रारी घेऊन गेलेल्याच्या सोनोग्राफीत खडे दिसतात, आणि दोष खड्यांवर जातो. आम्लपित्त, अल्सर, आयबीएस (आतड्याच्या हालचाली बिघडण्याचा विकार) किंवा स्वादुपिंडाचं दुखणं मात्र शस्त्रक्रियेनंतर होतं तिथेच राहतं. काहींना पिशवी गेल्याने पित्त सतत आतड्यात झिरपून कळ येऊन जुलाब होतात. त्यावर औषध आहे.

एक कारण तर पोटाच्या आतलं नसतंच. टाक्याजवळची नस अडकली तर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखतं. 1926 साली जॉन कार्नेट यांनी सांगितलेली परीक्षा अजून चालते: दुखरी जागा दाबून रुग्णाला मान उचलायला लावायची. पोट ताठ केल्यावर दुखणं कमी न होता तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर दोष पोटाच्या भिंतीत. फुकटची तपासणी, म्हणूनच बहुधा राहून जाते.

काहीच सापडलं नाही की संशय ओडीच्या झडपेवर. पित्तनलिका आतड्यात उघडते तिथला हा स्नायू रुग्गेरो ओडी या इटालियन विद्यार्थ्याने 1887 मध्ये अभ्यासला होता. तो आखडतो म्हणून दुखतं, असं धरून रक्त-तपासण्या आणि नलिका साफ असलेल्यांचीही झडप कापली जायची. त्यात स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका खराच. 2014 साली पीटर कॉटन आणि सहकाऱ्यांनी अशा 214 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींची झडप खरोखर कापली, काहींना फक्त एन्डोस्कोपी केली. बरं वाटलेल्यांचं प्रमाण कापलेल्यांत 23 टक्के, न कापलेल्यांत 37 टक्के! पोटाच्या अशा विकारांचं निदान ठरवणाऱ्या ‘रोम निकषांनी’ 2016 मध्ये हा प्रकार यादीतूनच काढला.

त्यानंतर प्रश्न उलट दिशेने गेला: मुळात शस्त्रक्रिया कोणाची करायची? नेदरलँड्समधल्या 24 रुग्णालयांत खडे आणि पोटदुखी असलेल्या 1067 रुग्णांचा अभ्यास झाला. निम्म्यांची निवड ठरलेल्या निकषांनी, बाकीच्यांची नेहमीच्या पद्धतीने. 2019 मध्ये निष्कर्ष आला: वर्षभराने दुखणं पूर्ण थांबलेले पहिल्या गटात 56 टक्के, दुसऱ्यात 60. निकष लावून शस्त्रक्रिया थोड्या कमी झाल्या, पण दुखणं कोणाचं जाणार हे अजूनही आधी नीट ओळखता आलेलं नाही.