हेडलाइटचे टिंटिंग व क्लिअर कोटिंग

मोटारीच्या हेडलाइटच्या बाह्य आवरणावर घरच्या घरी रंगछटा चढवण्याची, तसेच त्यावर पारदर्शक संरक्षक लेप देण्याची क्रिया. दोन्ही कामे सहसा एकत्र केली जात असली तरी त्यांचे हेतू परस्परविरोधी आहेत. टिंटमुळे प्रकाश कमी होतो, तर क्लिअर कोट झिजलेल्या आवरणाचे संरक्षण करून प्रकाश टिकवतो.

हे आवरण पूर्वी काचेचे असे. अमेरिकेत नियम बदलल्यानंतर १९८४च्या लिंकन मार्क सेव्हन या मोटारीपासून तेथे पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकचे आवरण आले. युरोपात ते नंतर, सुमारे १९९०च्या दशकात रुळले. पॉलिकार्बोनेटच्या शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. या वर्गातील पदार्थ आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी १८९८ मध्येच बनवले होते. मात्र व्यवहारोपयोगी प्लास्टिक १९५३ मध्ये बायर कंपनीतील हेर्मान श्नेल आणि जनरल इलेक्ट्रिकमधील डॅनिएल फॉक्स यांना स्वतंत्रपणे, जवळजवळ एकाच वेळी मिळाले. पेटंटचा अग्रक्रम बायरकडे गेला, आणि बहुतेक लेखक श्नेल यांनाच पहिले मानतात.

आवरण पिवळे पडण्याचे कारण अतिनील किरण. रेणूंची अंतर्गत पुनर्रचना (फोटो-फ्रीस) की हवेतील ऑक्सिजनशी होणारी प्रकाश-ऑक्सिडीकरण क्रिया, यांपैकी कोणती प्रमुख याविषयी मतभेद आढळतात. पहिली मुख्यतः प्रयोगशाळेतील आखूड तरंगलांबीच्या दिव्यांखाली ठळक दिसते. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात दुसरीला अधिक वजन देणे युक्त वाटते. हे रोखण्यासाठी कारखान्यातच आवरणावर पातळ कठीण लेप असतो. तो झिजला की पिवळेपणा सुरू होतो. टूथपेस्टने किंवा रबिंग कंपाउंडने आलेली चमक म्हणूनच काही महिन्यांत जाते: पिवळा थर निघतो, संरक्षण परत येत नाही.

कृतीत बॉनेट, बंपर व रंगीत पत्रा मास्किंग टेप व कागदाने झाकतात. जुना लेप पापुद्रे धरत असेल तर ४०० क्रमांकाच्या वॉटर पेपरपासून, एरवी ६०० पासून सुरुवात करून ८०० व १००० पर्यंत घासतात. पाणी सतत हवे. घासताना निघणारे पिवळसर पाणी शुभ्र झाले की जुना लेप निघाला असे समजावे. स्प्रे करायचा असेल तर १०००वर थांबावे. २००० किंवा ३००० ने चकचकीत केल्यास लेपाला धरायला खरबरीतपणा उरत नाही. बारीक ओरखडे क्लिअर भरून काढतो. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावल्यास पॉलिकार्बोनेटला जाळीदार तडे जातात, आणि ते दुरुस्त होत नाहीत.

क्लिअर टू-के, म्हणजे हार्डनरसह घट्ट होणारा व अतिनील-रोधक घ्यावा. साधा एकघटकी लॅकर उन्हात लवकर सुटतो. कॅनच्या तळाची कळ दाबून हार्डनर सोडल्यावर कॅन उत्पादनानुसार एक-दोन दिवसांतच संपवावा लागतो. १५ ते २० सेंमी अंतरावरून पहिला हात धुक्यासारखा, मग सुमारे दहा मिनिटांच्या अंतराने दोन ओले हात द्यावेत. हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असून दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो. कापडी किंवा कागदी मास्क येथे निरुपयोगी आहे. सेंद्रिय वाफांसाठीची कार्ट्रिज असलेला श्वसनमुखवटा, हातमोजे व मोकळी हवा आवश्यक.

लांबून मारल्यास किंवा उष्ण हवेत थेंब पसरण्याआधीच सुकल्यास संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. जवळून मारल्यास ओघळ येतात. सिलिकॉनयुक्त पॉलिशचा अंश उरला तर लेप गोल छिद्रांसारखा फाकतो. कोकणातील पावसाळी, दमट हवेत लेप दुधाळ होण्याची शक्यता अधिक, तेव्हा कोरडा दिवस निवडावा. आवरणाच्या आतल्या बाजूचा धूसरपणा बाहेरून कोणत्याही उपायाने जात नाही.

टिंटसाठी स्प्रे किंवा चिकट फिल्म वापरतात. फिल्म हेअर ड्रायरने गरम करून काढता येते. स्प्रे घासूनच काढावा लागतो. स्प्रे टिंटवर क्लिअर देताना पहिलाच हात ओला दिल्यास टिंट सुरकुततो. प्रत्येक हाताचा परिणाम गुणाकाराने वाढतो. एका हातातून ९० टक्के प्रकाश जात असेल तर तीन हातांतून सुमारे ७३ टक्केच जातो. पुढील दिव्यांसाठी धुरकट टिंट त्यामुळे असमर्थनीय आहे. पिवळी छटा वेगळी. फ्रान्समध्ये ती १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत नियमानेच होती.

जर्मनीत टिंट केलेल्या दिव्यांमुळे वाहनाचा वापर-परवाना रद्द होऊ शकतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांना प्रतिबंध करते.