किम क्वी (सुवर्णकासव)

किम क्वी : व्हिएतनामी दंतकथांतील जलदेवता. नावाचा अर्थ ‘सोन्याचे कासव’. राज्यावर संकट आले की हे कासव पाण्यातून वर येते आणि राजाशी माणसाच्या वाणीने बोलते. त्याच्या कथांतून राजाला दैवी शस्त्र मिळते, आणि ते शस्त्र शेवटी राजाकडे राहत नाही. या देवतेला वंशावळ नाही, स्वतःचे असे पुराणही नाही. तिची ओळख मुख्यतः दोन राजांच्या कथांतून होते आणि त्या दोघांमध्ये सोळाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

पहिली कथा इ. स. पू. तिसऱ्या शतकातील आन झुओंग वुओंग या राजाची. आजच्या हनोईजवळ को लोआ येथे तो गोगलगाईच्या शंखासारखा वळसे घेणारा कोट बांधत होता. दिवसा रचलेली भिंत रात्री ढासळे. हा उपद्रव भुतांचा होता. कासवाने त्यांचा बंदोबस्त केला, कोट उभा राहिला आणि निघताना त्याने आपली एक नखी राजाला काढून दिली. काओ लो या कारागिराने ती नखी खटक्याच्या जागी बसवून धनुष्य घडवले. त्याच्या एका फेकीत शत्रूचे शेकडो सैनिक पडत, असे कथा सांगते. को लोआच्या परिसरात 1959 मध्ये कांस्याच्या बाणटोकांचा हजारोंनी साठा सापडला. त्यावरून कासवाची नखी सिद्ध होत नाही, पण येथे मोठी तिरंदाज फौज होती एवढे नक्की. दंतकथेला धरून बसलेला इतिहासाचा गाळ असा क्वचितच हाती लागतो.

उत्तरेचा शत्रू राजा त्रियेउ दा याला हे धनुष्य रणात जिंकता येईना. त्याने सोयरीक जुळवली. त्याचा मुलगा चोंग थ्वी राजकन्या मी चाउचा नवरा होऊन आला, तिच्याकडून शस्त्राचे गुपित काढले आणि खरी नखी पळवून तिच्या जागी खोटी बसवली. शत्रू वेशीवर आला तेव्हा राजा निर्धास्तपणे पटावर सोंगट्या हलवत बसला होता. धनुष्य चालले नाही. मुलीला घोड्यावर मागे घेऊन तो पळाला; ती मात्र नवऱ्याला वाट सापडावी म्हणून आपल्या झग्यातली हंसाची पिसे वाटेवर टाकत गेली. समुद्रकाठी राजाने कासवाला हाक मारली. ते वर आले आणि म्हणाले, शत्रू तुझ्या पाठीशीच बसला आहे. राजाने मुलीचे मस्तक उडवले आणि तो कासवामागून पाण्यात गेला. मी चाउचे रक्त पिऊन शिंपल्यांत मोती झाले, आणि ज्या विहिरीत चोंग थ्वीने जीव दिला तिच्या पाण्याने धुतले की ते अधिक झळकतात, अशी समजूत आहे. वर देणारी देवता येथे शस्त्र वाचवायला येत नाही. ती फक्त दोषी कोण ते सांगते. कथेचा हा कठोरपणा तिच्या शालेय आवृत्त्यांतही पुरता मवाळ झालेला नाही.

दुसरी कथा अधिक प्रसिद्ध. चीनच्या मिंग राजवटीविरुद्ध ले लोईने 1418 मध्ये लाम सोन येथे उठाव केला. ले थान नावाच्या कोळ्याच्या जाळ्यात एकच लोखंडी पाते तीनदा आले. ले लोई त्याच्या घरी गेला तेव्हा कोपऱ्यातले ते पाते उजळले आणि त्यावर ‘थुआन थिएन’, म्हणजे ‘दैवाच्या इच्छेनुसार’, अशी अक्षरे दिसली. पुढे रानात एका वडाच्या झाडावर त्याला मूठ सापडली, ती पात्याला चपखल बसली. पाते पाण्यातून आणि मूठ रानातून, या विभागणीत पाणथळ सखल प्रदेश आणि डोंगर यांची एकजूट पाहिली जाते. आदिमाता आउ कोची निम्मी मुले डोंगरात आणि निम्मी समुद्राकडे गेली, हे व्हिएतनामी लोकांना लहानपणापासून ठाऊक असल्याने तो अर्थ ओढून आणावा लागत नाही.

प्रचलित कथेत तलवारीचा धनी किम क्वी नव्हे, तर नागराज लाक लाँग क्वान. कासव त्याच्या वतीने वसुलीला येते. मिंग सैन्य हटले, 1428 मध्ये ले लोई गादीवर बसला आणि त्याने आपल्या राजवटीच्या कालगणनेलाही ‘थुआन थिएन’ हेच नाव दिले. पुढे तो राजधानीतल्या, म्हणजे आजच्या हनोईतल्या, तळ्यात नौकाविहार करत असता कासवाने डोके वर काढून तलवार मागितली. राजाने ती दिली. कासव तोंडात धरून तळाशी गेले. हिरव्या पाण्याचे म्हणून ओळखले जाणारे ते तळे तेव्हापासून होआन कीएम, म्हणजे ‘परत केलेल्या तलवारीचे’ तळे झाले.

मराठी वाचकाला येथे महाप्रस्थानाच्या वाटेवरचा अर्जुन आठवेल. अग्नीने वाट अडवून गांडीव वरुणाचे वरुणाला परत करायला सांगितले आणि अर्जुनाने ते पाण्यात सोडले. दोन्हीकडे शस्त्र हे बक्षीस नसून उसनवारी आहे. फरक असा की अर्जुन राज्य सोडून निघाला होता, तर ले लोईचे राज्य नुकतेच सुरू झाले होते.

होआन कीएमच्या पाण्यात राफेटस स्विनहोई या अतिदुर्मीळ जातीची प्रचंड कासवे खरोखरच राहत होती, त्यामुळे कथेला जिवंत साक्षीदार मिळाला. 1967 मध्ये मेलेले, दोन मीटरहून लांब कासव तळ्यातल्या न्गोक सोन मंदिरात काचेच्या पेटीत ठेवले आहे. शेवटच्या कासवाला लोक आदराने ‘कू रुआ’, म्हणजे ‘कासव-आजोबा’, म्हणत. 2011 मध्ये अंगावरच्या जखमांवर उपचारासाठी त्याला पकडले तेव्हा काठावर बघ्यांची गर्दी लोटली होती. 19 जानेवारी 2016 रोजी ते मेले. दुसऱ्याच दिवशी सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचे अधिवेशन सुरू होणार होते, त्यामुळे हा अपशकुन असल्याची कुजबुज झाली.

तळ्याकाठच्या नाट्यगृहात पाण्यावरच्या बाहुल्यांच्या खेळात तलवार परत करण्याचा प्रसंग आजही दाखवतात. आणि लाम किन्ह येथे ले लोईच्या समाधीजवळ त्याचे चरित्र कोरलेला 1433 चा शिलालेख उभा आहे, तो दगडी कासवाच्या पाठीवर.